कुलदीप नय्यर

कुलदीप नय्यर (१४ ऑगस्ट, १९२३:सियालकोट, पंजाब, ब्रिटिश भारत - २३ ऑगस्ट, २०१८:दिल्ली) हे भारतीय पत्रकार, स्तंभलेखक, मानवी हक्क कार्यकर्ते, राजनैतिक अधिकारी आणि राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. उर्दू वृत्तपत्रातून पत्रकारितेला आरंभ करून ते पुढे 'युनायटेड न्यूज ऑफ इंडिया' (यूएनआय), 'द स्टेट्समन' आणि 'द इंडियन एक्सप्रेस' येथे महत्त्वाच्या पदांवर पोहोचले. आणीबाणीच्या काळात १९७५मध्ये त्यांना अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली (मिसा) तुरुंगात टाकण्यात आले. त्यांच्या पत्नीने दाखल केलेल्या देहोपस्थिती याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला निकाल हा आणीबाणीच्या न्यायालयीन इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानला जातो. त्यानंतरच्या चार दशकांत नागरी स्वातंत्र्य, कैद्यांचे हक्क आणि भारत-पाकिस्तान मैत्री हे नय्यर यांच्या सार्वजनिक कार्याचे मुख्य विषय राहिले.

जन्म आणि शिक्षण

नय्यर यांचा जन्म सियालकोट येथे झाला. हे शहर आज पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आहे. त्यांचे वडील डॉक्टर होते. लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी तेथीलच विधि महाविद्यालयातून कायद्याची पदवी मिळवली. सियालकोटमध्ये वकिली करावी असा त्यांचा विचार होता.

विद्यार्थिदशेत विधि महाविद्यालयात आलेल्या महंमद अली जिना यांना आपण प्रश्न विचारल्याची आठवण त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. इंग्रज निघून गेल्यावर हिंदू आणि मुसलमान एकमेकांच्या जिवावर उठले तर काय, असा त्यांच्या प्रश्नाचा आशय होता. फाळणीनंतर दोन्ही देश चांगले मित्र होतील, असे जिना यांनी त्यावर सांगितल्याचे नय्यर लिहितात.

फाळणी आणि स्थलांतर

फाळणीनंतर सियालकोट सोडावे लागेल असे नय्यर कुटुंबाला आरंभी वाटले नव्हते. मात्र दंगली वाढत गेल्या आणि सप्टेंबर १९४७मध्ये कुलदीप नय्यर सीमा ओलांडून भारतात आले. वाटेत पाहिलेली हत्याकांडाची दृश्ये आणि दोन्ही दिशांनी चाललेले निर्वासितांचे तांडे यांचा उल्लेख त्यांच्या लेखनात वारंवार येतो. धर्मनिरपेक्षता आणि शेजारी देशाशी मैत्री यांविषयीची त्यांची पुढील काळातील भूमिका याच अनुभवातून घडल्याचे त्यांनी स्वतः म्हटले आहे.

फाळणीच्या सीमारेषेचा विषय त्यांनी पत्रकार म्हणूनही हाताळला. सीमा आयोगाचे अध्यक्ष सर सिरिल रॅडक्लिफ यांची त्यांनी लंडनमध्ये मुलाखत घेतली. आपण प्रथम लाहोर भारताला देण्याच्या विचारात होतो, परंतु मग पाकिस्तानकडे एकही मोठे शहर उरत नाही हे लक्षात आल्यावर तो विचार बदलला, असे रॅडक्लिफ यांनी सांगितल्याचे नय्यर यांनी नोंदवले आहे.

पत्रकारिता

दिल्लीत आल्यावर नय्यर 'अंजाम' या उर्दू दैनिकात रुजू झाले. 'अंजाम' या शब्दाचा अर्थ 'शेवट' असा असल्याने आपल्या पत्रकारितेचा आरंभच शेवटापासून झाला, असे ते विनोदाने सांगत. ३० जानेवारी, १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर बिर्ला भवनात पोहोचलेल्या वार्ताहरांत त्यांचा समावेश होता. भारतात उर्दू पत्रकारितेला भवितव्य नाही, तेव्हा इंग्रजीकडे वळावे, असा सल्ला त्यांना ज्येष्ठ शायर व स्वातंत्र्यसेनानी मौलाना हसरत मोहानी यांनी दिला. त्यानंतर त्यांनी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयात शिक्षण घेतले आणि १९५२मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली.

भारतात परतल्यावर त्यांनी केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयात नोकरी केली. तत्कालीन गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत आणि त्यांच्यानंतरचे गृहमंत्री लाल बहादूर शास्त्री यांचे माहिती अधिकारी म्हणून त्यांनी काम पाहिले. सत्तेच्या वर्तुळातील निर्णय कसे घेतले जातात याचा जवळून आलेला हा अनुभव त्यांच्या पुढील वार्तांकनाला उपयोगी पडला.

सरकारी नोकरीनंतर ते यूएनआय या वृत्तसंस्थेत गेले. मे १९६४मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर मोरारजी देसाई नेतृत्वाच्या स्पर्धेत उतरल्याची त्यांची बातमी गाजली. नेहरूंच्या अंत्यसंस्काराआधीच देसाई पदासाठी पुढे सरसावले असा समज त्या बातमीमुळे पसरला आणि त्याचा लाभ शास्त्रींना झाला, असे मानले जाते. बातमी देण्यामागे कोणाला मदत करण्याचा हेतू नव्हता, असे नय्यर यांचे म्हणणे होते. देसाई यांच्या मनातील अढी मात्र कायम राहिली. जानेवारी १९६६मध्ये ताश्कंद येथे शास्त्रींचे निधन झाले, त्या वेळी नय्यर त्यांच्यासमवेत गेलेल्या चमूत होते.

पुढे ते 'द स्टेट्समन'च्या दिल्ली आवृत्तीचे निवासी संपादक झाले आणि त्यानंतर 'द इंडियन एक्सप्रेस' समूहात गेले. लंडनच्या 'द टाइम्स'चे भारतातील वार्ताहर म्हणूनही त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९७३मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. अजितनाथ राय यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक करण्यात आली. या घटनेवरील लेखांचे एक पुस्तक नय्यर यांनी संपादित केले. न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचा प्रश्न त्यांनी आणीबाणीपूर्वीच हाती घेतला होता, हे यावरून दिसते.

आणीबाणी आणि अटक

२५ जून, १९७५च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली आणि वृत्तपत्रांवर पूर्वपरीक्षण लादण्यात आले. अनेक संपादक आणि मालकांनी मौन पत्करले. नय्यर यांनी पुढाकार घेऊन दिल्लीच्या प्रेस क्लबमध्ये पत्रकारांची बैठक बोलावली. तेथे शंभरावर पत्रकारांनी वृत्तपत्रांवरील निर्बंधांचा निषेध करणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. जुलै १९७५मध्ये नय्यर यांना त्यांच्या घरातून मिसाखाली अटक करून तिहार तुरुंगात ठेवण्यात आले.

मिसाखालील स्थानबद्धता ही शिक्षा नसून प्रतिबंधक कारवाई होती. तीत आरोपपत्र ठेवावे लागत नसे आणि खटलाही चालत नसे. आणीबाणी लागू झाल्यानंतर काही दिवसांतच कायद्यात दुरुस्ती करण्यात आली आणि अटकेची कारणे बंदिवानाला कळविण्याचे बंधनही काढून टाकण्यात आले. शिवाय राष्ट्रपतींच्या आदेशाने मूलभूत हक्कांच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकार स्थगित झाला होता. आपल्याला का पकडले हे विचारण्याची कायदेशीर वाट सामान्य बंदिवानासाठी जवळजवळ बंद झाली होती.

तुरुंगातील अनुभवांवर नय्यर यांनी 'इन जेल' हे पुस्तक लिहिले. राजकीय कैद्यांबरोबरच वर्षानुवर्षे खटल्याविना खितपत पडलेले गरीब कच्चे कैदी आणि तुरुंगात राबवली जाणारी लहान मुले त्यांनी तेथे पाहिली. तोपर्यंत राज्यकर्त्यांच्या दालनांत बातम्या शोधणाऱ्या या पत्रकाराच्या आयुष्याला येथे वेगळे वळण मिळाले.

भारती नय्यर खटला

नय्यर यांच्या पत्नी भारती यांनी दिल्ली उच्च न्यायालयात देहोपस्थिती (हेबियस कॉर्पस) याचिका दाखल केली. भारती या पंजाबचे माजी मुख्यमंत्री भीमसेन सच्चर यांच्या कन्या आणि न्या. राजिंदर सच्चर यांच्या भगिनी होत. याचिकेच्या बाजूने विठ्ठल महादेव तारकुंडे आणि सोली सोराबजी यांनी काम पाहिले. पुणे जिल्ह्यातील सासवडचे तारकुंडे हे मानवेंद्रनाथ रॉय यांचे सहकारी व मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते.

न्या. एस. रंगराजन आणि न्या. आर. एन. अगरवाल यांच्या खंडपीठापुढे सुनावणी झाली. निकाल विरोधात जाण्याची चिन्हे दिसताच सरकारने सप्टेंबर १९७५मध्ये नय्यर यांची सुटका केली आणि आता याचिकेला अर्थ उरला नसल्याचे न्यायालयाला सांगितले. खंडपीठाने ते मान्य केले नाही व निकाल दिला. आणीबाणी असली तरी कार्यपालिकेला कायद्याच्या आधारावाचून कोणालाही बंदिस्त करता येत नाही आणि स्थानबद्धतेचा आदेश कायद्याच्या चौकटीत आहे की नाही हे न्यायालय तपासू शकते, असा त्या निकालाचा आशय होता.

या निकालाची किंमत न्यायाधीशांना मोजावी लागली. न्या. रंगराजन यांची गुवाहाटी येथे बदली झाली, तर अतिरिक्त न्यायाधीश असलेल्या न्या. अगरवाल यांना कायम न करता पुन्हा सत्र न्यायालयात पाठविण्यात आले. आणीबाणी उठल्यानंतर अगरवाल उच्च न्यायालयात परतले.

मुंबईसह एकूण नऊ उच्च न्यायालयांनी बंदिवानांचा दाद मागण्याचा हक्क या ना त्या स्वरूपात मान्य केला होता. सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने २८ एप्रिल, १९७६ रोजी ए.डी.एम. जबलपूर खटल्यात हे सर्व निकाल चार विरुद्ध एक अशा बहुमताने फिरवले. न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्नमत नोंदवले. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क स्थगित करता येणार नाही अशी तरतूद झाली. २०१७मध्ये खासगीपणाच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात जबलपूर निकाल सर्वोच्च न्यायालयानेच चुकीचा ठरवला.

सुटकेनंतर नय्यर पुन्हा पत्रकारितेत आले. जानेवारी १९७७मध्ये लोकसभेच्या निवडणुका होणार असल्याची बातमी त्यांनी अधिकृत घोषणेपूर्वी दिली. त्याच वर्षी आणीबाणीची अंतर्गत हकीकत सांगणारे 'द जजमेंट' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले व त्याचा मोठा खप झाला.

नागरी हक्क चळवळ

जयप्रकाश नारायण यांनी १९७४मध्ये 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी' ही संघटना स्थापन केली होती. पक्षीय राजकारणाबाहेर राहून लोकशाही मूल्यांसाठी काम करणे हा तिचा उद्देश होता आणि तिच्या उभारणीत तारकुंडे यांचा मोठा वाटा होता. नय्यर या संघटनेच्या कार्यात सहभागी झाले व पुढे तिचे अध्यक्ष झाले. पंजाबमधील अशांततेच्या काळात त्यांनी खुशवंत सिंग यांच्यासमवेत 'ट्रॅजेडी ऑफ पंजाब' (१९८४) हे पुस्तक लिहिले. अतिरेकी हिंसा आणि राज्यसंस्थेची दडपशाही या दोहोंना विरोध करण्याची भूमिका त्यांनी घेतली. त्यामुळे दोन्ही बाजूंकडून त्यांच्यावर टीका झाली.

बेड्यांविषयीचा खटला (१९९५)

नय्यर यांच्या मानवी हक्कविषयक कार्यातील सर्वांत ठोस यश 'सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी विरुद्ध आसाम राज्य' या खटल्यात मिळाले. गुवाहाटी येथील एका रुग्णालयाला भेट दिली असता, टाडा कायद्याखाली पकडलेल्या सात बंदिवानांना एका खोलीत खाटांना बेड्यांनी जखडून ठेवल्याचे त्यांना आढळले. त्यांना दोरांनीही बांधलेले होते. खोलीला कुलूप होते आणि बाहेर सशस्त्र पोलिसांचा पहारा होता. तरीही आजारी माणसांना खाटेला बांधण्यात आले होते.

नय्यर यांनी ही वस्तुस्थिती सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कुलदीप सिंग यांना पत्राने कळविली. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. बंदिवान धोकादायक असून यापूर्वी असे कैदी पळून गेले आहेत, असा राज्य सरकारचा बचाव होता. १९८०च्या प्रेमशंकर शुक्ला खटल्यात न्यायालयाने सरसकट बेड्या घालणे अमानुष ठरवले होते. त्या निकालाचे पालन होत नसल्याबद्दल न्यायालयाने खंत व्यक्त केली.

१ मे, १९९५ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने पुढील निर्देश दिले :

- तुरुंगात असताना किंवा तुरुंगातून न्यायालयात वा अन्यत्र नेताना कैद्याला बेड्या किंवा अन्य बंधने घालू नयेत, हा सर्वसाधारण नियम असेल.
- कैदी पळून जाण्याची किंवा हिंसक होण्याची ठोस कारणे असल्यास पोलिसांनी वा तुरुंग अधिकाऱ्यांनी दंडाधिकाऱ्यांपुढे ती मांडून परवानगी घ्यावी.
- वॉरंटविना केलेल्या अटकेत अपवादात्मक परिस्थितीत बेड्या घातल्यास त्या केवळ पोलीस ठाण्यापर्यंत आणि तेथून दंडाधिकाऱ्यांपर्यंत नेण्यापुरत्याच असाव्यात.
- या निर्देशांचा भंग करणारा अधिकारी न्यायालयाच्या अवमानाबद्दल शिक्षेस पात्र ठरेल.

बेड्यांच्या वापराविषयीच्या पुढील चर्चेत व निकालांत या खटल्याचा आधार वारंवार घेतला जातो. कायद्याच्या अभ्यासक्रमात जनहित याचिकेचे उदाहरण म्हणूनही तो शिकवला जातो.

भारत-पाकिस्तान मैत्री

१९८७च्या आरंभी पाकिस्तानी पत्रकार मुशाहिद हुसेन यांच्या मध्यस्थीने नय्यर यांनी पाकिस्तानचे अणुशास्त्रज्ञ अब्दुल कादिर खान यांची इस्लामाबादमध्ये भेट घेतली. पाकिस्तान अण्वस्त्र बनवू शकतो असा त्या मुलाखतीचा अर्थ होता. ती मार्च १९८७मध्ये लंडनच्या 'द ऑब्झर्व्हर'मध्ये प्रसिद्ध झाली. 'ब्रासटॅक्स' या लष्करी सरावामुळे दोन्ही देशांत निर्माण झालेल्या तणावाच्या पार्श्वभूमीवर या मुलाखतीने खळबळ उडाली. पाकिस्तानने तिचा इन्कार केला आणि हुसेन यांना 'द मुस्लिम' या दैनिकाचे संपादकपद सोडावे लागले.

१९९०च्या दशकात नय्यर यांनी वाघा सीमेवर १४ व १५ ऑगस्टच्या मधल्या रात्री मेणबत्त्या पेटवण्याचा उपक्रम सुरू केला. आरंभी मोजकीच माणसे असलेल्या या उपक्रमात पुढे दोन्ही बाजूंचे अनेक नागरिक सहभागी होऊ लागले. पाकिस्तानातील अस्मा जहांगीर व आय. ए. रहमान आणि भारतातील निर्मला देशपांडे यांसारखे कार्यकर्ते दोन्ही देशांतील संवादाच्या या चळवळीत त्यांचे सहप्रवासी होते. नागपुरात जन्मलेल्या निर्मला देशपांडे या मराठी साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या होत. फेब्रुवारी १९९९मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी बसने लाहोरला गेले, त्या प्रवासातही नय्यर होते. व्हिसाचे नियम सैल करावेत आणि सागरी हद्द ओलांडल्यामुळे पकडल्या जाणाऱ्या मच्छीमारांची दोन्ही देशांनी सुटका करावी, यासाठी त्यांनी सातत्याने लिहिले.

उच्चायुक्त आणि खासदार

१९९०मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग सरकारने नय्यर यांची ब्रिटनमधील भारताचे उच्चायुक्त म्हणून नेमणूक केली. त्या सरकारबरोबरच त्यांचा कार्यकाळ संपला. या अनुभवावर त्यांनी 'इंडिया हाउस' हे पुस्तक लिहिले. ऑगस्ट १९९७ ते ऑगस्ट २००३ या काळात ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते.

राज्यसभेच्या निवडणुकीसाठी उमेदवार संबंधित राज्यातील मतदार असण्याची अट २००३च्या कायदादुरुस्तीने काढून टाकण्यात आली व या निवडणुकीत खुले मतदान सुरू झाले. या दोन्ही बदलांना नय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यामुळे राज्यसभेचे राज्यांची सभा हे स्वरूपच नष्ट होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. २२ ऑगस्ट, २००६ रोजी घटनापीठाने ही याचिका फेटाळली. 'कुलदीप नय्यर विरुद्ध भारत संघराज्य' हा निकाल संघराज्यीय रचनेच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

लेखन

नय्यर यांचा 'बिटवीन द लाइन्स' हा स्तंभ चौदा भाषांतील ऐंशीहून अधिक वृत्तपत्रांत प्रसिद्ध होत असे. त्यांची काही निवडक पुस्तके :

- बिटवीन द लाइन्स (१९६९)
- डिस्टंट नेबर्स (१९७२)
- इंडिया आफ्टर नेहरू (१९७५)
- द जजमेंट (१९७७)
- इन जेल (१९७८)
- ट्रॅजेडी ऑफ पंजाब (१९८४, खुशवंत सिंग यांच्यासह)
- इंडिया हाउस (१९९२)
- वॉल ॲट वाघा (२००३)
- स्कूप (२००६)
- विदाउट फिअर (२००७, भगतसिंग यांच्याविषयी)
- बियाँड द लाइन्स (२०१२, आत्मचरित्र)

टीका आणि वाद

नय्यर यांची पाकिस्तानविषयक भूमिका भाबडी असल्याची टीका त्यांच्यावर अनेकदा झाली. सीमेपलीकडून दहशतवादी कारवाया सुरू असताना मेणबत्त्या पेटवण्याने काहीही साध्य होत नाही, असे टीकाकारांचे म्हणणे होते. सरकारे बदलतात, पण शेजार बदलत नाही आणि म्हणून लोकांमधील संपर्क तुटू देता कामा नये, अशा आशयाचे उत्तर नय्यर देत. काश्मीरविषयी अमेरिकेत परिषदा भरवणारे गुलाम नबी फई यांना २०११मध्ये पाकिस्तानी गुप्तचर यंत्रणेचा पैसा लपविल्याच्या प्रकरणात अटक झाली. त्यांच्या परिषदांना उपस्थित राहिलेल्या भारतीयांत नय्यर यांचेही नाव असल्याने त्यांच्यावर टीका झाली.

आत्मचरित्रातील काही विधानेही वादग्रस्त ठरली. बाबरी मशीद पाडली जात असताना पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव पूजेला बसले होते, हे त्यांचे कथन राव यांच्या कुटुंबीयांनी नाकारले. ही माहिती आपल्याला समाजवादी नेते मधू लिमये यांनी दिल्याचे नय्यर यांनी लिहिले आहे.

निधन आणि वारसा

२३ ऑगस्ट, २०१८ रोजी वयाच्या ९५व्या वर्षी दिल्लीत नय्यर यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांच्या अस्थींचा काही भाग त्यांच्या इच्छेनुसार लाहोर येथे रावी नदीत विसर्जित करण्यात आला. ज्या शहरात त्यांचे शिक्षण झाले आणि जे १९४७मध्ये परके झाले, त्याच शहरातील हे विसर्जन दोन्ही देशांतील वृत्तपत्रांनी ठळकपणे नोंदवले.

पत्रकारितेतील प्रदीर्घ कार्याबद्दल त्यांना २०१५मध्ये रामनाथ गोएंका जीवनगौरव पुरस्कार देण्यात आला. २०१९मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मभूषण पुरस्कार जाहीर केला. भारतीय भाषांतील पत्रकारितेसाठी त्यांच्या नावाचा पुरस्कारही त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता.